७२० रकाने आणि आठवीची वही

पत्राचा सारांश: पत्रलेखिका चोवीस वर्षांची आहे, कर्वेनगरला राहते, हिंजवडीत नोकरी करते. तिला नदीकाठच्या माणसांवर मराठीत कादंबरी लिहायची आहे. त्या माणसांना स्वतःची भाषा असावी म्हणून गेले आठ महिने ती व्याकरण रचते आहे. 'संस्कृतात आठ विभक्ती आहेत, माझी भाषा त्याहून जुनी आणि समृद्ध वाटायला हवी' असं मनात धरून तिने बारा विभक्ती, तीन वचनं, चार लिंगं आणि शब्द चालवण्याचे पाच प्रकार ठरवले. एक्सेलमध्ये एकूण ७२० रकाने झाले. त्यातले निम्मेही भरलेले नाहीत आणि भरलेली रूपं तिची तिलाच आठवत नाहीत. कादंबरीचं एकही पान झालेलं नाही. शाळेत असताना ज्याच्याबरोबर तिने पहिल्यांदा 'आपली भाषा' काढली होती, त्या मावसभावाला तिने तक्ता दाखवला. तो म्हणाला, 'सगळे प्रत्यय उडव, चिनीसारखी सरळ भाषा कर.' त्यावरून दोघांचं बिनसलं. तिचे प्रश्न असे: तक्ता पुरा करू, कमी करू की भावाचं ऐकू? भाषा खरी वाटावी म्हणून मध्ये मध्ये अपवाद पेरले तर चालेल का? आणि काहीही केलं तरी ती मराठीसारखीच वाटते, त्याचं काय करू? ताजा कलम: आठवीतली वही अजून घरात आहे, पण ती बालिश आहे. तीत थोडे शब्द आणि एकच वाक्य आहे: 'लुमा हामो तोरु'. शब्दशः 'नदी पोट होडी', म्हणजे नदीत होडी आहे.

प्रिय मैत्रिणी,

तुझं वय कळलं म्हणून 'तू' म्हणते. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ताज्या कलमापाशी थांबले. तिकडे येतेच, पण आधी तुझ्या तक्त्याबद्दल बोलू, कारण आठ महिने तू त्यात घातलेस आणि त्या कष्टांना मी हलकं लेखणार नाही.

मी कितीतरी वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. 'देवः देवौ देवाः' वर्गाकडून तालावर म्हणवून घेतलं. आठ विभक्ती, तीन वचनं, चोवीस रूपं. तूही ते म्हटलं असशील, आणि 'जुनी भाषा म्हणजे भरपूर रूपं' ही समजूत बहुधा तिथूनच आली असेल. आता एक कर. कागदावर तो देव शब्द पुरा लिही आणि वेगवेगळी रूपं किती भरतात ते मोज. चोवीस भरत नाहीत, सतरा भरतात. द्विवचनाची आठ घरं देवौ, देवाभ्याम् आणि देवयोः अशा तीनच रूपांवर चालतात. 'देवेभ्यः' चतुर्थीचं बहुवचन आहे आणि पंचमीचंही. ज्या भाषेचा धाक मनात धरून तू बाराच्या बारा विभक्ती तीनही वचनांत वेगळ्या करायला निघालीस, ती स्वतः तसं करत नाही. रोज तोंडात असलेल्या भाषेत रूपं एकमेकांत मिसळतात आणि बोलणाऱ्याचं काही अडत नाही, कारण उरलेला अर्थ वाक्य सांगतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा उमगली. पाणिनीने असा तक्ता दिलेलाच नाही. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रं आहेत आणि नामाला लागणारे प्रत्यय त्यातल्या एकाच सूत्रात एका दमात सांगून टाकले आहेत: सात विभक्ती, तीन वचनं, एकवीस प्रत्यय. संबोधनाला निराळे प्रत्यय नाहीत, ते प्रथमेतच बसवलं आहे. पुढची सूत्रं फक्त एवढं सांगतात की अमुक शब्दापुढे तमुक प्रत्यय आला की त्याचं काय होतं. तृतीयेचा प्रत्यय 'टा', म्हणजे नुसता आ. तो अकारान्त शब्दापुढे आला की त्याच्या जागी 'इन' येतो. देव आणि इन, अ आणि इ मिळून ए, झालं देवेन. तुझी कुठलीच रूपं तुला आठवत नाहीत याचं कारण मला इथे दिसतं. तू ७२० उत्तरं पाठ करू बघते आहेस आणि गणित कुठेच मांडलेलं नाही.

आपण शाळेत शिकलो तो मराठीचा तक्ता आठव. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचे प्रत्यय स, ला, ते. लहानपणी मी बाईंना विचारलं होतं की दोन्ही सारखेच असतील तर दोन घरं कशाला? उत्तर मिळालं, 'तसंच आहे, पाठ कर.' खरं उत्तर असं की संस्कृतचा साचा आधी हातात होता आणि मराठी त्यात ओतली गेली. तुझ्याकडूनही नेमकं तेच होतंय. घरं आधी बांधलीस आणि आता राहायला माणसं शोधते आहेस.

मग विभक्ती येते कुठून? माझं सांगणं एवढंच आहे की ती झिजून येते. दोन पूर्ण शब्द शेजारी शेजारी इतक्या वेळा बोलले जातात की दुसरा झिजून पहिल्याला चिकटतो. 'घरात', 'नदीत' यांच्यातला त हा एकेकाळचा आखा शब्द आहे, तो 'आत'. अजून कान दिला तर ऐकू येतो. आणि ही झीज ज्ञानेश्वरांच्या काळात संपून गेलेली नाही. उद्या सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर काय बोलतोय ते ऐक. 'आलो आहे' असं कुणी म्हणत नाही, 'आलोय' म्हणतात. 'आला आहेस' चं 'आलायस' झालं. 'येणार आहे' चं पुण्यात सर्रास 'येणारे' होतं. 'आहे' हे आख्खं क्रियापद तुझ्या डोळ्यांदेखत प्रत्यय होत चाललंय. दोनशे वर्षांनी कुणी मराठीचं व्याकरण लिहिलं तर 'य' हा एक प्रत्यय म्हणून सांगेल.

आता वही काढ.

तुला ती बालिश वाटते. मला त्या एका वाक्यात तुझ्या भाषेचा सगळा भूतकाळ दिसतो. तेराव्या वर्षी तुम्हा दोघांना 'आत' साठी शब्द हवा होता आणि तुम्ही 'पोट' घेतलंत. कुणी शिकवलं नव्हतं, तरी जगातल्या कितीतरी भाषांनी केलं तेच तुम्ही केलंत. अंगाचे अवयव झिजून जागा दाखवणारे शब्द होतात. आपण 'माझ्या हातून चूक झाली' म्हणतो तेव्हा त्यात खरा हात कुठे असतो? 'पाठीमागे', 'तोंडावर आलेली परीक्षा', 'त्यांच्या पोटी जन्मला' यांतही तेच आहे. तेव्हा वहीतली भाषा फेकू नकोस. तिला तुझ्या माणसांच्या खापरपणज्यांची भाषा मान. तीत प्रत्यय एकही नाही, सगळे आखे शब्द आहेत. आता ती झिजव.

तू पत्रात वहीतले तीन नामशब्द दिलेत: लुमा म्हणजे नदी, तोरु म्हणजे होडी, देनि म्हणजे हात. तिन्हींपुढे 'हामो' ठेव आणि तीन नियम लाव, याच क्रमाने. पहिला नियम, शब्दाच्या अगदी शेवटी असलेला स्वर गळतो. दुसरा, दोन स्वरांमधला ह नाहीसा होतो. तिसरा, आ पुढे आ आला की एकच आ राहतो, आणि इ-उ पुढे दुसरा स्वर आला की त्यांचे य-व होतात, संधीत होतात तसे.

लुमाहामो, लुमाहाम, लुमाआम, लुमाम.

तोरुहामो, तोरुहाम, तोरुआम, तोर्वाम.

देनिहामो, देनिहाम, देनिआम, देन्याम.

आणि एकटा शब्द? त्याचाही शेवटचा स्वर पहिल्याच नियमाने गेला. नदी म्हणजे लुम, होडी म्हणजे तोर, हात म्हणजे देन. आता ते शेजारी ठेवून बघ: लुम-लुमाम, तोर-तोर्वाम, देन-देन्याम. एकाच 'पोटा'पासून शब्द चालवण्याचे तीन प्रकार आपोआप निघाले. तुझ्या माणसांना विचारलं की तोर ला 'तोर्वाम' का आणि देन ला 'देन्याम' का, तर ती म्हणतील, तसंच म्हणतात. आपल्याला विचारलं की लाडूचं 'लाडवात' का आणि पाण्याचं 'पाण्यात' का, तर आपण तरी काय सांगतो? एकटा असताना गळालेला स्वर प्रत्ययाच्या आधी मात्र वाचला, कारण तिथे तो शेवटी नव्हता. मराठीच्या सामान्यरूपाचा जीव पुष्कळसा इथेच आहे.

म्हणून अपवाद पेरण्याबद्दल मी ठाम आहे: पेरू नकोस. हाताने पेरलेला अपवाद वाचकाला लगेच कळतो, कारण त्याला घराणं नसतं. आपल्याकडे बघ. माळ आणि भिंत दोन्ही अकारान्त, दोन्ही स्त्रीलिंगी, तरी 'माळेला' पण 'भिंतीला'. जीभ 'जिभेला' पण रात्र 'रात्रीला'. परक्याला हा निव्वळ छळ वाटतो. मागे जाऊन बघितलं तर माला आणि जिह्वा आकारान्त होते, भित्ति आणि रात्रि इकारान्त. शेंडे गळाले आणि शब्द दिसायला सारखे झाले, पण प्रत्यय लागला की जुनं रक्त बोलतं. तू शेंडे गाळलेस की असे अपवाद तुला मिळतील, आणि विसरलीस तरी नियम लावून पुन्हा काढता येतील. त्या तीन ओळींचे नियम म्हणजे तुझं गणित. ७२० रकान्यांची फाईल पुसून टाकू नकोस, पण बंद कर.

एक अपवाद मात्र हाताने ठेवायला हरकत नाही, कारण खऱ्या भाषाही तो ठेवतात. रोजच्या वापरातले दहा-पंधरा शब्द नव्या नियमाला दाद देत नाहीत. आपण 'घरी', 'सकाळी', 'दारी' म्हणतो ना? ती जुनी सप्तमी आहे. नवा शब्द आला तर तिला कुणी विचारत नाही. 'ऑफिसी गेलो' असं कुणी म्हणत नाही, 'ऑफिसात' नाहीतर 'ऑफिसला'. तुझ्या माणसांच्या तोंडी आई, घर, नदी, भूक, काल, उद्या असे शब्द असतील. त्यांच्यापुढे एखादा फार जुना प्रत्यय ठेव, दुसऱ्या कशालाच न लागणारा.

आता बारा विभक्तींबद्दल. तुझी यादी वाचली. आठ संस्कृतच्या, आणि तुझ्या चार: च्या सोबत, च्या शिवाय, च्या काठाने, च्या प्रवाहाविरुद्ध. शेवटच्या दोन बघून मला खरंच आनंद झाला. नदीवर जगणाऱ्या माणसांना 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्या दिशेनेच सुचणार. त्या दोन्हीला हात लावू नकोस. बाकीच्यांना मात्र प्रत्येकी एक प्रश्न विचार: हे इतक्या वेळा बोललं जातं का की झिजेल? मराठीत झिजेच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. 'घराच्या विरुद्ध' मधला विरुद्ध अजून सुटा आहे, मध्ये 'च्या' लागतो. 'घरासाठी' मधला साठी चिकटला, पण आखा राहिला. 'घराला' मधला ला इतका झिजला की तो कुठून आला हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. तुझ्या भाषेतही अशा तिन्ही पायऱ्या असू देत. पाच-सहा खरे प्रत्यय, तीन-चार अर्धवट चिकटलेले, बाकी सुटे. 'च्या शिवाय' साठी मी तरी विभक्ती खर्च करणार नाही.

आणि प्रत्यय आहे म्हणून दर वेळी लागलाच पाहिजे असंही नाही. आपण 'आंबा खाल्ला' म्हणतो, 'आंब्याला खाल्लं' म्हणत नाही. पण 'मुलाला बोलावलं' म्हणतो. 'साप मारला' आणि 'सापाला मारलं' दोन्ही चालतात, आणि दोन्हींत सापाकडे बघण्याची नजर जराशी वेगळी असते. ला लागला की साप डोळ्यासमोर येतो. कर्माचा प्रत्यय तुझी माणसं कशाकशाला लावतात हे ठरवलंस की ती कशाला जिवंत मानतात हे न सांगता कळेल. नदीला लावतात का? होडीला? बुडून गेलेल्या माणसाला? याचं उत्तर ७२० रकान्यांत कुठेच नव्हतं.

लिंगांबद्दल थोडं रागावून लिहिते, कारण कल्पना फार चांगली आहे आणि तू ती वाया घालवते आहेस. वाहतं, साचलेलं, कोरडं आणि जिवंत! पण तू चारही लिंगं नामाच्या शेपटाला बांधलीस, आणि विशेषण, सर्वनाम, क्रियापद यांना त्यांचा स्पर्शही होऊ दिला नाहीस. लिंग नामात दिसतंच असं नाही, ते शेजाऱ्यांत दिसतं. 'कागद', 'भिंत', 'घर' यांच्या तोंडावर काही लिहिलेलं नसतं. ओला कागद, ओली भिंत, ओलं घर म्हटल्यावर कळतं. आणि लिंग बदललं की अर्थ बदलू शकतो: गाडा, गाडी, गाडं. विळा आणि विळी. तुझ्याकडे लुम वाहत्या लिंगात चालवला तर नदी, साचलेल्यात चालवला तर डबकं, कोरड्यात चालवला तर उन्हाळ्यातलं रिकामं पात्र. शब्द एकच राहील. पावसाळ्याआधी मुठेचं पात्र बघितलेल्या आणि खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पूल पाण्याखाली गेलेला बघितलेल्या पुणेकराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या लोकांकडून तुझ्या माणसांकडे उसने शब्द येणार असतील तर स्वाहिलीतली एक गोष्ट सांगते. तिथे नामाचा वर्ग शब्दाच्या सुरुवातीला दिसतो. एका वर्गात एकवचनाला 'कि' आणि अनेकवचनाला 'वि'. अरबीतला किताब तिथे पोचला आणि लोकांना त्यातला 'कि' हा आपलाच उपसर्ग वाटला. म्हणून एक पुस्तक 'किताबु', अनेक पुस्तकं 'विताबु'. भाषा परक्या शब्दाला आपले कपडे कसे घालते ते यात दिसतं. तसा एखादा शब्द तुझ्या बाजाराच्या प्रसंगात येऊ दे.

क्रियापदांचं आज फार सांगत नाही. 'आलोय' ची गोष्ट तिथेही पुरेल: सुटं सर्वनाम किंवा 'असणे' मागे ठेव आणि झिजव.

आता भाऊ. त्याचं म्हणणं तुला लागलं, कारण तो परका नाही. पण 'सरळ' या त्याच्या शब्दाशी मी सहमत नाही. 'मुलाने सापाला मारलं' हे वाक्य 'सापाला मुलाने मारलं' असं फिरवलं तरी मेला सापच. दोन्ही प्रत्यय काढ आणि 'मुलगा साप मार' म्हण. आता कोण मेलं हे फक्त क्रम सांगणार, आणि क्रम हलवायची सोय गेली. प्रत्ययाचं काम संपत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर पडतं. चिनीत ते क्रमावर आणि सुट्या छोट्या शब्दांवर पडलंय, आणि तिथे तीन पुस्तकं मोजायची तरी मध्ये एक मोजणीचा शब्द घालावा लागतो. ती भाषा सोपी नाही, तिची अवघड जागा वेगळी आहे. तुझ्या कादंबरीत अंगाई आहे, शपथ आहे, नावाड्यांचं गाणं आहे. तिथे शब्द पुढेमागे हलवता यायला हवेत, म्हणून मी प्रत्ययांच्या बाजूने आहे.

तरी त्याची सूचना मी टाकून देणार नाही. नदी लांब आहे. तिच्या मुखाशी एखादं गाव असेल, तिथे शेवटचा म सुद्धा गळाला असेल. वरचे 'लुमाम' म्हणतात, खालचे 'लुमा'. तिथे सगळं पुढे झिजून जवळजवळ बिनप्रत्ययाची बोली झाली असेल. ती बोली भावाला करायला दे. पण तो 'हो' म्हणेलच असं धरून चालू नकोस. आधी त्याला सांग की वही तू जपून ठेवली आहेस.

'मराठीसारखी वाटते' या तक्रारीत थोडं तथ्य आहे. शाळेत तुम्ही च ची भाषा बोलत असणार. 'मला' चं 'चलाम', 'तुला' चं 'चलातु'. ऐकायला परकी वाटते, पण आत मराठीचा सांगाडा जसाच्या तसा असतो. नव्या भाषेत नकळत तसंच होतं. तुझ्या नमुन्यांत मला दोन ठिकाणी ते दिसलं. भूतकाळात तू कर्त्याला प्रत्यय लावतेस आणि वर्तमानकाळात लावत नाहीस, आपल्या 'मुलगा खातो' आणि 'मुलाने खाल्लं' सारखं. आणि 'आपण' आणि 'आम्ही' साठी तुझ्याकडे दोन निराळे शब्द आहेत. दुसरी गोष्ट ठेव. आपल्या होडीत कोण आणि बाहेर कोण हे त्या माणसांना बोलावंच लागेल. पहिली मुद्दाम विचार करून ठेव किंवा काढ, सवयीने राहू देऊ नकोस. मराठीतून घेण्यात कमीपणा काहीच नाही. काय घेतलं ते माहीत असावं, एवढंच. प्रत्यय कसे रचतात ते बघायला तुर्की बघ: 'एवलेरिम्दे' म्हणजे 'माझ्या घरांमध्ये', एव घर, लेर अनेक, इम माझं, दे मध्ये. प्रत्येक मणी सुटा मोजता येतो. 'देवेन' मध्ये तसा मणी सुटत नाही. विभक्ती आणि वचन एकाच तुकड्यात वितळलंय. वहीपासून निघालीस तर तू सध्या तुर्कीच्या जवळ आहेस, आणि जितकं झिजवशील तितकी संस्कृतकडे सरकशील. कुठे थांबायचं ते कानाने ठरव.

भाषा कशी रचावी हा प्रश्न मला अधूनमधून इतरही विचारतात, कुणी खेळासाठी भाषा करतं, कुणी नाटकासाठी. त्यांनाही मी आधी हेच विचारते: ही कुणी शिकायची आहे का? झामेनहॉफने १८८७ मध्ये एस्पेरांतो मांडली ती जगाने शिकावी म्हणून. सोळा नियम, प्रत्येक नाम ओकारान्त, अनेकवचनाला एकच प्रत्यय, अपवाद नाहीत. तिथे नियमितपणा हाच गुण होता. तुझ्या वाचकाला भाषा शिकायची नाहीये. तो फार तर चाळीस वाक्यं बघेल, आणि त्यातलं दुसरं वाक्य पहिल्याचं सोयरं आहे एवढं त्याला जाणवायला हवं.

तर ती चाळीस वाक्यं आधी लिही, मराठीत. मुलाला हाक मारताना, घाटावर मासे विकताना, पूर येतोय म्हणून ओरडताना, भांडताना, मेलेल्या माणसाचं नाव घेताना जे जे बोललं जाईल ते. मग प्रत्येक वाक्य आधी वहीच्या भाषेत, आखे शब्द ठेवून, आणि मग झिजवून. एक्सेलऐवजी चिठ्ठ्या वापर. आपल्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या, शब्द कुठे आणि कसा आला ते टिपून. तुला दोनशे पुरतील. एका चिठ्ठीवर एक वाक्य, खाली त्याचं जुनं रूप, कोपऱ्यात बोलणारं पात्र.

पात्र लिहायला विसरू नकोस, कारण झीज सगळ्यांच्या तोंडात सारखी नसते. माझी आजी 'रिक्षेने' जायची, मी 'रिक्षाने' जाते. गावांच्या नावांना तर आता सामान्यरूप नकोसंच झालंय: आपण 'पाषाणला' जातो, आणि 'पाषाणाला' फक्त पाझर फुटतो. तुझ्या म्हाताऱ्या नावाड्याच्या तोंडी 'तोर्वाम' येऊ दे, त्याच्या नातवाच्या तोंडी 'तोराम'. नातवाने सगळे शब्द लुमाम च्या चालीवर ओढले आहेत, आणि म्हातारा त्याला दर वेळी टोकतो. नुसत्या एका प्रत्ययावर दोघांचा अख्खा प्रसंग उभा राहील.

आणि अंगाई. ती झिजवू नकोस. गाणी जुनं धरून ठेवतात. आपणही अभंग म्हणताना 'देवासी' म्हणतो आणि टाळ खाली ठेवला की 'देवाला'. तुझ्या कादंबरीतली आजी नातवंडाला थोपटताना 'लुमा हामो तोरु' असंच म्हणू दे, आठवीच्या वहीत आहे तसं, तिला स्वतःला त्यातला 'हामो' म्हणजे काय ते माहीत नसताना. ते वाक्य पहिल्यांदा कुणाला सुचलं, तुला की त्याला, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. भावाला फोन करशील तेव्हा तेवढं विचार.